डिस्क माउंट होते, गाणी दिसतात, तरी मीडिया सर्व्हर म्हणतो "परमिशन डिनाइड"

डबलबूट

नमस्कार मंडळी,

घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून हॉलमधल्या टीव्हीसाठी मीडिया सर्व्हर केलाय. बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, कीर्तनं, लग्नामुंजीचे व्हिडिओ असा सगळा ऐवज २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहे. डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) मध्ये फॉरमॅट केलेली.

डिस्क लावली की आपोआप /मीडिया/माझं-युजरनेम/गाणी इथे माउंट होते, म्हणजे त्या पाथवर जोडली जाते. फाइल मॅनेजरमधून सगळं वाजतं. पण मीडिया सर्व्हर त्याच्या स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो आणि त्याला फोल्डर वाचता येत नाही. लॉगमध्ये "परमिशन डिनाइड". म्हणून डिस्कवर चमॉड -आर ७७७ मारलं, म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळ्या परवानग्या. काडीचा फरक नाही.

मग दुसरा मार्ग. /एमएनटी/गाणी अशी डिरेक्टरी केली, चाउन करून माझ्या नावावर घेतली, तिथे डिस्क माउंट केली. एलएसने यादी बघतो तर मालक रूट (सिस्टीमचा सर्वाधिकारी युजर)! अनमाउंट केलं की परत मी. पुन्हा माउंट केलं की परत रूट.

प्रश्न दोन:
१. ७७७ नंतरही नकार का?
२. माउंट पॉइंटवर दिलेली मालकी जाते कुठे?

---

पेंग्विनराव

वाचनखूण साठवतोय. माझ्याकडे एक्सफॅट डिस्कचं असंच काहीतरी रडगाणं आहे, हे संपलं की विचारतो.

---

टर्मिनलताई

@डबलबूट, आधी डिस्क पहिल्या ठिकाणी, म्हणजे आपोआप जिथे लागते तिथे लावा आणि नेमआय -एल ला एखाद्या गाण्याचा पूर्ण पाथ द्या. ही कमांड मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानग्या एकाखाली एक दाखवते. शेवटच्या डिरेक्टरीचं एलएस बघून काही कळत नाही, अडथळा बहुतेक वेळा मधल्याच पायरीवर असतो.

दुसरं, सुडो -यू करून त्या सर्व्हरच्या युजरच्या नावाने एलएस चालवा. स्वतःच्या लॉगिनमधून कितीही तपासलं तरी त्या युजरला काय दिसतं ते तुम्हाला दिसणार नाही.

---

डबलबूट

केलं. स्लॅश (सगळ्याचं मूळ) आणि /मीडिया दोन्ही रूटचे, ७५५, म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना लिहिणं सोडून. त्याखालची माझ्या नावाची डिरेक्टरी मात्र रूटची, मालकाला आरडब्ल्यूएक्स (आर वाचणे, डब्ल्यू लिहिणे, एक्स चालवणे), ग्रुपला आर-एक्स, इतरांना तीन आडव्या रेघा. त्याखाली "गाणी" ७७७ आणि आतली फाइल ७७७. एलएस -एलडी केलं तर त्या मधल्या डिरेक्टरीच्या परवानग्यांपुढे अधिकचं चिन्हही दिसतंय.

सर्व्हरच्या युजरने /मीडिया दिसतं, पुढे एक पाऊलही नाही.

---

टर्मिनलताई

सापडला की मग! डिस्क ७७७ असून उपयोग नाही, कारण तो युजर डिस्कपर्यंत पोचतच नाही.

डिरेक्टरीवरच्या एक्सचा अर्थ "चालवणे" नाही, "यातून पुढे जाणे" असा आहे. आर असेल तर आतली नावं वाचता येतात, एक्स असेल तर त्या नावांमधून पुढे जाता येतं. गाण्याच्या फाइलपर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स लागतो. एका जरी पायरीवर नसला तरी पुढचं सगळं बंद, मग ते पुढचं दुसऱ्या डिस्कवर का असेना.

ते अधिकचं चिन्ह म्हणजे एसीएल, ठरावीक युजरांना वेगळी दिलेली परवानगी. डेस्कटॉपवर डिस्क आपोआप माउंट करणारी यूडिस्क्स नावाची सेवा तुमच्या नावाची ही डिरेक्टरी रूटच्या मालकीची करते आणि एसीएलने फक्त तुम्हाला आत जाऊ देते. गेटफॅकल चालवा, तुमच्या नावापुढे आर-एक्स दिसेल. त्यामागे विचार आहे: एकाच संगणकावर दोघं लॉगिन करत असतील तर एकाने लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्याने चाळू नये. फेडोरावर हीच जागा /रन/मीडिया खाली असते.

सेटफॅकलने सर्व्हरच्या युजरलाही तिथे एक्स देता येईल. पण /रन मेमरीत असतं, त्यामुळे फेडोरावर ते पुढच्या बूटला पुसलं जाणार. कायम जोडलेली डिस्क असेल तर तिला या वाटेने आणूच नका. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन /एमएनटी किंवा /एसआरव्ही खाली माउंट करा. तुमचा दुसरा मार्ग बरोबर होता, अर्ध्यावर सोडलात.

आणि ते ७७७ आधी काढा. चमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स, जीओ=आरएक्स, दोन्हीकडे एक्स कॅपिटल. कॅपिटल एक्स फक्त डिरेक्टऱ्यांना लागतो, फाइलींना नाही.

---

शेलपाखरू

ताई, एक दुरुस्ती. कॅपिटल एक्स डिरेक्टरीला लागतो आणि ज्या फाइलवर आधीच कुठलातरी एक्स आहे तिलाही लागतो. यांनी ७७७ मारल्यामुळे प्रत्येक एमपी३ वर एक्स बसलाय, म्हणजे कॅपिटल एक्सने तो तसाच राहील. इथे फाइंड वापरा: टाइप डी (डिरेक्टरी) ला ७५५, टाइप एफ (फाइल) ला ६४४. मग लॉस्ट+फाउंड नावाची डिरेक्टरी तेवढी परत ७०० करा, ती मुळात तशीच असते.

आता दुसरा प्रश्न, मालकी कुठे गेली.

कुठेही गेली नाही. फरशीवर सतरंजी अंथरली की फरशीचा रंग दिसत नाही, सतरंजीचा दिसतो. तुम्ही चाउन केलंत ते फरशीवर. माउंट केल्यावर /एमएनटी/गाणी हे नाव त्या डिस्कच्या स्वतःच्या मूळ डिरेक्टरीकडे बोट दाखवतं, आणि तिचा मालक, ग्रुप, परवानग्या त्या डिस्कवरच लिहिलेल्या असतात.

पडताळून बघायचं असेल तर अनमाउंट असताना एलएस -एलडीआय करा. सुरुवातीला आयनोड क्रमांक (फाइल सिस्टीममधला त्या वस्तूचा नंबर) दिसेल, काहीतरी लांबलचक. आता माउंट करून तीच कमांड द्या. क्रमांक २ दिसेल. ईएक्सटी४ मध्ये मूळ डिरेक्टरीचा आयनोड नेहमी २ असतो. नाव तेच, वस्तू दुसरी.

म्हणून चाउन माउंट केल्यानंतर करायचं, आणि एकदाच. ते डिस्कवर लिहिलं जातं, पुढच्या प्रत्येक माउंटला आपोआप येतं. नवी ईएक्सटी४ डिस्क फॉरमॅट केली की तिची मूळ डिरेक्टरी रूटची ७५५ असते, तुम्हाला रूट दिसला तो तिथूनच. फॉरमॅट करतानाच दुसरा मालक द्यायचा तर एमकेईटूएफएसला -ई रूट_ओनर हा पर्याय आहे.

एक लक्षात ठेवा, डिस्कवर नाव नसतं, नंबर असतो. तुमचा युआयडी (युजरचा नंबर) १००० असेल तर डिस्क भावाच्या लिनक्स लॅपटॉपला लावल्यावर तिथल्या १००० नंबरच्या माणसाची होईल.

---

डबलबूट

अच्छा! म्हणजे माउंट पॉइंटच्या स्वतःच्या परवानगीला काहीच किंमत नाही? मी ती ००० केली तरी चालेल?

---

कर्नलपंत

लिनक्सवर चालेल. करूनच बघा: रिकामी डिरेक्टरी चमॉड ०००, वर डिस्क माउंट, साध्या युजरने आत जा. बिनदिक्कत जाल.

कारण असं. कर्नल पाथ एका दमात उघडत नाही, एकेक नाव घेत चालतो. स्लॅशवर एक्स आहे का बघितलं, त्यात "एमएनटी" शोधलं. एमएनटीवर एक्स आहे का बघितलं, त्यात "गाणी" हे नाव शोधलं. नाव सापडल्या सापडल्या त्यावर काही माउंट आहे का हे तपासतो, असेल तर तिथूनच वरच्या डिस्कच्या मूळ डिरेक्टरीवर उडी. पुढची एक्सची तपासणी त्या नव्या डिरेक्टरीची. झाकलेल्या डिरेक्टरीच्या परवानग्या विचारायची वेळच येत नाही. तिचं नाव तिच्या आईकडून, म्हणजे एमएनटीकडून कळतं.

याच कारणाने, माउंट व्हायच्या आधीपासून एखादा शेल त्या डिरेक्टरीत बसलेला असेल तर त्याला अजूनही खालचीच डिरेक्टरी दिसत राहते. एका टर्मिनलमध्ये एलएस रिकामं, दुसऱ्यात गाणी. सीडी करून परत तोच पूर्ण पाथ दिला की ठीक होतं. या प्रकाराने चांगली चांगली माणसं बुचकळ्यात पडलेली पाहिली आहेत.

थोडं इतिहासात. थॉम्प्सन आणि रिची यांच्या युनिक्सवरच्या १९७४ च्या लेखात माउंट हा कॉल आहेच, पण तिथे माउंट पॉइंट म्हणून डिरेक्टरी नाही तर साधी फाइल घ्यायची असं लिहिलंय. झाडाचं एक पान काढून तिथे अख्खं नवं झाड लावायचं, ही त्यांची मांडणी. डिरेक्टरी पुढे रूढ झाली.

पण हे सगळं लिनक्सचं. सोलारिस किंवा एआयएक्स या दुसऱ्या युनिक्सांवर ००० करायच्या फंदात पडू नका.

---

नीलिमा_कु

पंतांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार +१. आमच्याकडे एआयएक्सची जुनी मशीनं अजून चालू आहेत. कोणीतरी यूमास्क (नवीन काही बनवताना कुठल्या परवानग्या वगळायच्या ते) ०७७ असताना माउंट पॉइंट बनवला, म्हणजे तो ७०० झाला. वर फाइल सिस्टीम माउंट केली, तिची मूळ डिरेक्टरी ७५५. एलएस -एलडी एकदम निर्दोष. फाइली वाचता येतात, लिहिता येतात. पण साध्या युजरने तिथे पीडब्ल्यूडी (सध्याची डिरेक्टरी सांगणारी कमांड) मारलं की परवानगीची तक्रार. काही स्क्रिप्ट चालतात, काही सुरुवातीलाच मरतात. रूटने चालवलं की सगळं सुरळीत, त्यामुळे ज्याच्याकडे तक्रार जाते त्याला ती कधी दिसतच नाही!

भानगड आहे ती "डॉट डॉट" ची, म्हणजे एक पायरी वरच्या डिरेक्टरीच्या नावाची. फाइल सिस्टीमच्या मूळ डिरेक्टरीतून वर जाताना तिथला कर्नल झाकलेल्या डिरेक्टरीवर येतो आणि तिच्यातून "डॉट डॉट" शोधतो. तेव्हा तिचा एक्स तपासला जातो. खाली उतरताना ती दिसत नाही, वर चढताना पायात येते. सध्याची डिरेक्टरी शोधायची जुनी पद्धत एकेक पायरी वर चढत जायची आहे, म्हणून पीडब्ल्यूडीला पहिला फटका. सोलारिसच्या जुन्या मंडळींनाही हे चांगलं माहीत आहे.

उपाय एकच: अनमाउंट, खालच्या डिरेक्टरीला ७५५, परत माउंट. म्हणजे चालू डेटाबेस थांबवायला रात्रीची वेळ मागा, तीन लोकांची मंजुरी घ्या, सगळं एका चमॉडसाठी.

---

कर्नलपंत

बरोबर. लिनक्समध्ये "डॉट डॉट" करताना कर्नल झाकलेल्या डिरेक्टरीला वगळून थेट तिच्या आईकडे जातो. शिवाय लिनक्समध्ये सध्याची डिरेक्टरी सांगणारा वेगळा सिस्टीम कॉल आहे, चढत जायची गरज नाही. म्हणून इथे हा त्रास नाही.

---

रूटकाका

लिनक्सवर ००० नुसतं चालतं असं नाही, मी तर म्हणतो ते मुद्दाम करावं. आणि त्यावर चॅटर +आय (अचल बिट) सुद्धा.

कारण सांगतो. रात्री दोनला रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) बॅकअप चालतो, /एमएनटी/बॅकअप मध्ये. यूएसबी डिस्कची केबल ढिली झाली, डिस्क माउंट झालीच नाही. स्क्रिप्टला काय त्याचं? /एमएनटी/बॅकअप डिरेक्टरी आहे, ७५५ आहे, लिहा. सगळा बॅकअप मूळ एसएसडीवर. सकाळी रूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं, लॉगिनसुद्धा धड होत नाही. त्यात कोणी घाईने डिस्क परत माउंट केली तर ती २०० जीबी सतरंजीखाली गायब. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारं) म्हणतं भरलंय, डीयू (फाइली मोजणारं) म्हणतं कुठे काय, आणि माणूस दिवसभर डोकं खाजवतोय.

००० ने साधे युजर थांबतात. रूट थांबत नाही, त्याला परवानगीचे बिट लागू नाहीत. म्हणून चॅटर +आय. अचल डिरेक्टरीत रूटलाही नवीन फाइल करता येत नाही, पण तिच्यावर माउंट मात्र होतं. माउंट झालं की वरच्या डिस्कला या कशाचाच त्रास नाही. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस तिन्हीवर चालतं.

क्रम पाळा: अनमाउंट असताना चमॉड, चॅटर, मग माउंट. उलटं केलंत तर डिस्कच्याच मूळ डिरेक्टरीला कुलूप लागेल.

---

शेलपाखरू

काका, चॅटर जरा अति वाटतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट -क्यू तपासलं की काम झालं. नाहीतर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी यंत्रणा) युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर द्या, डिस्क नसेल तर सेवा सुरूच होणार नाही. अचल बिट लावलेला सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतो? नंतर आरएमडीआयआर का होत नाही म्हणून नवीन धागा काढायचा.

---

रूटकाका

स्क्रिप्ट तुमची असेल तर तुम्ही तपासाल. टॉरेंट क्लायंट, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, फोटो ओढून घेणारी मोबाइलची सेवा, यांच्या पहिल्या ओळीत तुम्ही काय लिहिणार? कुलूप दाराला लावायचं, प्रत्येक पाहुण्याच्या खिशात नाही. दोन्ही करा, भांडण कशाला.

---

टर्मिनलताई

मी काकांच्या बाजूने. एफएसटॅबमध्ये नोफेल टाकलेलं असेल तर विशेषच. नोफेलमुळे डिस्क नसतानाही मशीन मुकाट्याने बूट होतं, आणि यूएसबी डिस्कला ते टाकावंच लागतं, नाहीतर बूट अडकून बसतं. मग ती "मुकाट्याने" वाली बाजू कुठेतरी भरून काढायला हवी.

खाली दडलेलं बघायला अनमाउंट करायची गरज नाही, ही युक्ती फार जणांना माहीत नसते. एखादी रिकामी डिरेक्टरी घ्या आणि तिथे स्लॅशचा बाइंड माउंट करा, म्हणजे तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवा. साधा बाइंड हवा, आरबाइंड नाही. साधा बाइंड फक्त मूळ फाइल सिस्टीम दाखवतो, तिच्यावर लागलेले इतर माउंट सोबत आणत नाही. त्या नव्या जागेतून एमएनटी/बॅकअप उघडा: खालची मूळ डिरेक्टरी, तिच्या खऱ्या परवानग्या आणि काकांचे ते हरवलेले २०० जीबी सगळं समोर. तिथूनच पुसता येतं. वरची डिस्क चालू, कोणाला पत्ता नाही.

@नीलिमा_कु, हे तुमच्या एआयएक्सला लागू नाही, क्षमस्व.

---

नीलिमा_कु

माहितीये. हेवा वाटतोय तेवढाच.

---

पेंग्विनराव

आता माझं. एक्सफॅट डिस्क, सुडोने माउंट केली. सगळं रूटचं दिसतं. चाउन केलं तर सुडो असूनही "ऑपरेशन नॉट परमिटेड". रूटलाही परमिशन नाही?

---

टर्मिनलताई

एक्सफॅटवर मालक लिहायला जागाच नाही हो. फॅट, एक्सफॅट यांच्यात युआयडी, जीआयडी ही संकल्पनाच नाही. एलएसमध्ये दिसतात त्या परवानग्या ड्रायव्हरने माउंटच्या वेळी रचलेल्या असतात, सगळ्या फाइलींना सारख्या. त्या नंतर बदलत नाहीत, माउंट करतानाच सांगायच्या: युआयडी=१०००, जीआयडी=१०००, डीमास्क=०२२, एफमास्क=१३३. पहिला मास्क डिरेक्टऱ्यांचा, दुसरा फाइलींचा. मास्क म्हणजे काय काढून टाकायचं ते. ७७७ मधून ०२२ काढलं की डिरेक्टरी ७५५, १३३ काढलं की फाइल ६४४. काहीच सांगितलं नाही तर जो माउंट करतो तो मालक, म्हणून तुम्हाला रूट दिसला.

इथे वरचं शेलपाखरूंचं "माउंट केल्यानंतर एकदाच चाउन" लागू होत नाही, हे ध्यानात घ्या. ते ईएक्सटी४ सारख्यांचं.

आणि एररचा मजकूर नीट वाचत जा, तिन्ही वेगळे आहेत. "परमिशन डिनाइड" असेल तर बहुतेक वाटेतले बिट बघायचे, नेमआय काढा. "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणजे जे मागताय ते या फाइल सिस्टीमवर किंवा तुमच्या अधिकारात होणारच नाही, चमॉड करत बसू नका. चॅटरचं कुलूपही हेच वाक्य बोलतं. "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम" असेल तर परवानग्यांचा संबंधच नाही, फाइंडमाउंटने आरओ लागलंय का बघा. एनटीएफएसवर हे फार दिसतं: विंडोज फास्ट स्टार्टअपने अर्धवट झोपवलेलं असतं, मग लिनक्स सावधगिरीने त्या डिस्कवर लिहू देत नाही.

---

पेंग्विनराव

युआयडी देऊन झालं काम! धन्यवाद ताई. मॅकवर मात्र हीच डिस्क कधी कुरकुरली नव्हती.

---

शेलपाखरू

मॅकवर बाहेरच्या डिस्कला "या व्हॉल्यूमवरची मालकी दुर्लक्षित करा" असा पर्याय असतो. तो चालू असला की जो बघेल त्याला फाइली आपल्याच दिसतात. सोयीचं आहे, पण बॅकअपच्या डिस्कवर मालकी खरोखर जपायची असेल तर तो बंद करावा लागतो. मॅकवर पहिल्या युजरचा नंबर ५०१, उबुंटूवर १०००, त्यामुळे तीच डिस्क इकडून तिकडे नेली की मालक "५०१" असा नुसता नंबर दिसतो.

---

डबलबूट

धागा माझा आहे हे विसरून वाचत बसलो होतो :) मधे एक. ऑफिसच्या सर्व्हरवरचं एक फोल्डर एसएसएचएफएसने (एसएसएचवरून दूरचं फोल्डर जोडणारा प्रोग्राम) माझ्या होममध्ये माउंट करतो. रूट होऊन एलएस केलं तर त्या डिरेक्टरीपुढे प्रश्नचिन्हांची रांग आणि "परमिशन डिनाइड". वर काका म्हणाले रूटला बिट लागू नाहीत. मग हे काय?

---

कर्नलपंत

हा बिटांचा नकार नाहीच. एसएसएचएफएस फ्यूजवर चालतं. तिथे फाइल सिस्टीम म्हणजे तुमच्या युजरने चालवलेला एक साधा प्रोग्राम. रूटची एखादी प्रक्रिया तिच्यात शिरली आणि त्या प्रोग्रामने उत्तरच दिलं नाही तर रूटची प्रक्रिया लटकून राहील, किंवा त्याने वाट्टेल ते उत्तर देऊन फसवलं तर? म्हणून कर्नल नियमच करतो: ज्याने माउंट केलं तोच आत. रूटही बाहेर. बाकीच्यांना यायचं असेल तर अलाउ_अदर देऊन माउंट करायचं, आणि साध्या युजरला ते देता यावं म्हणून फ्यूजच्या कॉन्फमध्ये युजर_अलाउ_अदर ही ओळ उघडी करायची. रूटच्या रात्रीच्या बॅकअपला तुमचं होम पूर्ण का जमत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा असा एखादा विसरलेला माउंट असतो.

आणि पहिल्या प्रश्नाला जोडून सांगायचं तर, इथे झाकल्या जाणाऱ्या डिरेक्टरीच्या परवानगीला किंमत आहे. साधा युजर फ्यूजने माउंट करतो तेव्हा त्याला त्या डिरेक्टरीत लिहिता येतं का हे आधी तपासलं जातं. नाहीतर कोणीही उठून ईटीसीवर आपली फाइल सिस्टीम अंथरली असती. फ्रीबीएसडीवरही साध्या युजरला माउंटची मुभा दिली तरी ती डिरेक्टरी त्याच्या मालकीची असावी लागते. ओपनबीएसडीने तर ही मुभाच २०१६ साली काढून टाकली.

---

नीलिमा_कु

एनएफएसचं (नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायची पद्धत) कोणी बोललं नाही अजून, मग मीच. तिथे परवानगी तपासतो सर्व्हर, आणि साध्या पद्धतीत क्लायंटकडून त्याच्याकडे जातं ते फक्त नंबर: युआयडी, जीआयडी आणि जास्तीत जास्त १६ ग्रुप. तुम्ही वीस ग्रुपमध्ये असाल आणि ज्याने प्रवेश मिळतो तो ग्रुप त्या १६ मध्ये नसेल तर नकार. आयडी कमांड म्हणते ग्रुप आहे, एलएस म्हणतं ग्रुपला आरडब्ल्यूएक्स आहे, तरी नकार. लिनक्स सर्व्हर असेल तर माउंटडीला (सर्व्हरवरची एनएफएसची सेवा) मॅनेज-जीआयडीज द्या, मग सर्व्हर ग्रुपची यादी स्वतःच बघतो.

रूटचंही तसंच. रूट_स्क्वॅश हे मुळातच चालू असतं, म्हणजे क्लायंटवरचा रूट सर्व्हरच्या दृष्टीने "नोबडी". म्हणून एनएफएसवरच्या होममधली ७०० ची डिरेक्टरी रूटला उघडत नाही. नो_रूट_स्क्वॅश लावून मोकळं व्हायचा मोह होतो. लावू नका, त्या एका क्लायंटवर रूट मिळालेला माणूस मग सर्व्हरवरच्या त्या सगळ्या फाइलींचा धनी होतो.

---

रूटकाका

अजून एक नेहमीचं. टेम्प डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर हलवली की दहा गोष्टी एकदम बंद पडतात. मूळ टेम्पवर १७७७ होतं, स्टिकी बिटासकट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारा), ते गेलं झाकून. नव्या पार्टिशनची मूळ डिरेक्टरी ७५५ रूटची. कोणालाच तिथे लिहिता येईना. माउंट केल्यानंतर चमॉड १७७७, संपला विषय. टेम्पएफएस (मेमरीतली फाइल सिस्टीम) वापरलं तर ते आपणहून १७७७ येतं.

याची उलटी बाजू: एखाद्या युजरच्या स्वतःच्या होमवर माउंट केलेली वेगळी डिस्क आणि घाईत तिच्या मूळ डिरेक्टरीला ७७७. एसएसएच लगेच किल्ली नाकारून पासवर्ड मागायला लागतं. होमपासून किल्ल्यांच्या फाइलपर्यंत कुठेही दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल तर एसएसएच सर्व्हर त्यातल्या किल्ल्यांवर विश्वास ठेवत नाही. जास्त परवानगी दिल्याने दार बंद होतं ते असं.

---

डबलबूट

अपडेट. /एमएनटी/गाणी अनमाउंट करून चमॉड ०००, चॅटर +आय. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, ईएक्सटी४, नोफेल. माउंट केल्यावर चाउन माझ्या नावावर, फाइंडने ७५५ आणि ६४४, लॉस्ट+फाउंड रूटची करून ७००. सर्व्हरच्या युजरने एलएस केलं, सगळी यादी आली. टीव्हीवर नाट्यसंगीत सुरू आहे, आई खूश.

दोन शंका उरल्या. एक, ऑप्शनमध्ये "युजर" पण टाकलं होतं, म्हणजे मला सुडोशिवाय अनमाउंट करता यावं. तर डिस्कवर ठेवलेली एक स्क्रिप्ट आता "परमिशन डिनाइड" म्हणते. तिच्यावर एक्स आहे, मालक मीच, नेमआयमध्ये सगळी वाट मोकळी. दोन, सर्व्हरचा लॉग लॉस्ट+फाउंड वाचता येत नाही म्हणून दर स्कॅनला कुरकुरतो.

---

टर्मिनलताई

"युजर" लिहिलं की नोएक्झेक, नोसुइड आणि नोडेव्ह हे तिघं आपोआप येतात. फाइंडमाउंटमध्ये दिसतील. नोएक्झेक असला की एक्स बिट कितीही असो, त्या डिस्कवरून काही चालत नाही. वर मी "परमिशन डिनाइड"ला "बहुतेक" म्हटलं होतं ते यासाठीच. बॅश लिहून पुढे स्क्रिप्टचं नाव दिलंत तर चालेल, कारण तेव्हा चालतो तो बॅश आणि स्क्रिप्ट नुसती वाचली जाते. कायमचं हवं असेल तर एफएसटॅबमध्ये "युजर" च्या नंतर "एक्झेक" लिहा. आधी लिहिलंत तर "युजर" ते परत पुसेल, क्रम महत्त्वाचा.

मी असते तर गाण्यांच्या डिस्कवर नोएक्झेक तसंच ठेवून स्क्रिप्ट होममध्ये हलवली असती.

लॉस्ट+फाउंडला हात लावू नका. डिस्क तपासताना एफएससीकेला सापडलेले अनाथ तुकडे तिथे येतात, ते कोणाच्याही खासगी फाइलचे असू शकतात, म्हणून ती ७००. डिस्कच्या मूळ डिरेक्टरीऐवजी आत "संगीत" नावाची एक डिरेक्टरी करा, सगळं तिच्यात हलवा आणि सर्व्हरला तेवढीच दाखवा. एकाच डिस्कवरच हलवताय, एमव्ही क्षणात होईल.

---

डबलबूट

हलवलं. लॉग शांत. "युजर" काढून टाकलंय, अनमाउंटला सुडो वापरेन.

@पेंग्विनराव, डॉकरमधून (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) हीच डिस्क दाखवायचं तुम्ही खरडवहीत विचारलंय, त्याला वेगळा धागा काढा. त्यात युआयडीचं अजून एक प्रकरण आहे असं पंत म्हणतायत.

---

कर्नलपंत

आहे, आणि मोठं आहे. रूटविना चालणाऱ्या कंटेनरमध्ये आतला १००० बाहेर लाखाच्या घरातला कुठलातरी नंबर असतो, मग डिस्कवर "इतर" म्हणूनच तपासणी होते. लिनक्स ५.१२ पासून माउंटलाच नंबरांची अदलाबदल शिकवता येते, डिस्कवर काही न बदलता. धागा काढा, तिथे लिहितो.